नदानुम्: अक्कडी भाषेतलं ‘देणं’ आणि त्यातला हरवणारा न

मंडईत आपण विचारतो, ‘मेथी कशी दिली?’ भाजीवाली म्हणते, ‘वीसला दिली.’ इथं कुणी कुणाला फुकट काही देत नाही, हे दोघींनाही ठाऊक असतं. ‘विकणं’ हा शब्द मराठीत आहेच, पण रोजच्या बोलण्यात ‘देणं’ त्याचं काम सहज करतं. बाबिलोनी कारकूनही मातीच्या ओल्या पाटीवर तेच लिहायचा: ‘अना कस्पिम् इद्दिन्’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘चांदीला दिलं’, म्हणजे विकलं.

हे ‘इद्दिन्’ ज्या क्रियापदाचं रूप आहे ते म्हणजे नदानुम्, देणे. अक्कडी शिकायला घेतली की पहिल्या काही आठवड्यांतच ते भेटतं आणि मग पत्र असो, कायदा असो की कर्जाची पाटी, पाठ सोडत नाही. मराठी माणसाला त्याचा अर्थ फार शिकवावा लागत नाही, तो बराचसा आपल्याच ‘देणं’सारखा चालतो. घाम निघतो तो रूपं ओळखताना, कारण या धातूचं पहिलंच अक्षर, न, निम्म्या रूपांतून गायब होतं.

आधी भाषेची ओळख, थोडक्यात. अक्कडी ही आजच्या इराकमधली प्राचीन भाषा, हिब्रू आणि अरबीच्या सेमिटिक कुळातली. बाबिलोनी आणि असीरी या तिच्या दोन मोठ्या बोली. इसवी सनापूर्वी साधारण २५०० पासून ती लिहिलेली सापडते आणि कीलाक्षरी पाट्यांवरचा तिचा वापर इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत टिकला. व्याकरण शिकवताना सहसा जुनी बाबिलोनी धरतात, म्हणजे हम्मुराबी राजाच्या काळची, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातली. खालची रूपं बहुतेक तिथलीच आहेत. त्याच्या कायद्यांचा काळा दगडी स्तंभ १९०१-०२ मध्ये इराणातल्या सूसा इथं सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. उदाहरणांसाठी त्याच्यासारखी खाण नाही.

एक सूचना: देवनागरीत लिहिताना शेवटचा हलन्त मुद्दाम देतो आहे. ‘इद्दिनम्’मधला म् वाचला नाही तर अर्थच बदलतो.

काय काय ‘देतात’

वस्तू हाती देणं हा मूळ अर्थ. जी वस्तू द्यायची तिला कर्माचा प्रत्यय ‘-अम्’ लागतो: कस्पुम् म्हणजे चांदी, कस्पम् म्हणजे चांदीला किंवा चांदी (कर्म). ज्याला द्यायचं त्याच्याआधी ‘अना’ हा शब्द येतो आणि नामाला ‘-इम्’ लागतो. ‘अना’ आपल्या चतुर्थीच्या ‘ला’चं काम करतो, फक्त आपला ‘ला’ मागून चिकटतो, हा पुढे उभा राहतो. ‘अना कस्पिम्’ म्हणजे ‘चांदीला’. ‘वीसला दिली’मधला ‘ला’ आठवा.

नाणी अजून आली नव्हती. चांदी तोलून दिली जायची, त्यामुळे पैसे चुकते करण्यालाही हेच क्रियापद. एक शेकेल साधारण ८.३ ग्रॅमचा, साठ शेकेलांचा एक मिना, म्हणजे अंदाजे अर्धा किलो.

मुलगीसुद्धा ‘देतात’. ‘अना मुतिम्’ म्हणजे नवऱ्याला, ‘अना अश्शूतिम्’ म्हणजे बायको म्हणून. पुढे नदानुम् लावलं की ‘मुलगी दिली’. ‘मुलगी कुठं दिली?’ हे आपल्याकडे आजही ज्या सहजतेने विचारतात, त्याच सहजतेने ते या पाट्यांवर येतं.

हम्मुराबीचं १३८ वं कलम पाहा. मूल न झालेल्या पहिल्या बायकोला नवरा सोडत असेल तर काय करायचं, ते त्यात सांगितलं आहे: ‘कस्पम् मला तेरखतिश इनद्दिश्शिम्’. कस्पम् चांदी, मला एवढी किंवा इतकी, तेरखतिश तिच्या देजाची, इनद्दिश्शिम् तिला द्यावी. तेरखतुम् म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी जाणारी रक्कम. त्याला मराठीत ‘हुंडा’ म्हणणं चूक, कारण हुंडा उलट दिशेनं जातो. आपल्याकडचा ‘देज’ हा शब्द नेमका बसतो. पुढच्या कलमात देज ठरलेलंच नसेल तर एक मिना चांदी, आणि त्याच्याही पुढच्यात नवरा ‘मुश्केनुम्’ या खालच्या दर्जाचा असेल तर एक तृतीयांश मिना, म्हणजे वीस शेकेल. तिन्हीकडे क्रियापद तेच: इनद्दिश्शिम्.

वाक्याचा क्रमही लक्षात आला असेल. आधी कर्म, क्रियापद सगळ्यात शेवटी. अरबी किंवा हिब्रूच्या अभ्यासकाला हे खटकतं, कारण त्या भाषांत क्रियापद बरेचदा आधी येतं. अक्कडीला ही सवय शेजारच्या सुमेरी भाषेनं लावली असं मानतात. मराठी वाचकाला मात्र इथं फुकटची सवलत मिळते.

हे सगळं बघून नदानुम् म्हणजे हुबेहूब ‘देणं’ असं धरून चालू नका. आपल्या ‘देणं’चं एक मोठं काम ते करत नाही. ‘जाऊ दे’, ‘बसू दे’ म्हणताना आपण ‘दे’ वापरतो. अक्कडीत ‘जाऊ दे’ला सरळ ‘लिल्लिक्’, जाण्याच्याच क्रियापदाचं इच्छादर्शक रूप. नदानुम् तिथं फिरकतही नाही. दुसरं असं की बक्षीस किंवा आंदण म्हणून बहाल करायचं तर वेगळं क्रियापद आहे, शराकुम्. १८३ व्या कलमात दोन्ही शेजारी शेजारी येतात: बापानं मुलीला आंदण ‘इश्रुक्शिम्’ (तिला बहाल केलं) आणि तिला नवऱ्याला ‘इद्दिश्शि’ (तिला दिलं). शेवटची ही दोन रूपं डोळ्यांसमोर ठेवा, लगेच लागणार आहेत.

न कुठं जातो

सेमिटिक भाषांत धातू म्हणजे व्यंजनांचा सांगाडा. इथं तो न-द-न. स्वर आणि मागचे-पुढचे प्रत्यय त्यात भरले की रूप तयार होतं. अडचण अशी की अक्कडीत न् दुसऱ्या व्यंजनाला थेट चिकटला की तो टिकत नाही, पुढच्या व्यंजनासारखा होऊन बसतो. न् + द = द्द, न् + त = त्त, न् + श = श्श. संस्कृत संधी किंवा प्राकृतातलं ‘सप्त’चं ‘सत्त’ माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

झालेल्या क्रियेचं रूप असं बनतं: ‘इ-’ हा तृतीय पुरुषाचा उपसर्ग, त्याला ‘न्दिन्’. इन्दिन् व्हायला हवं, होतं इद्दिन्. त्याने दिलं, तिने दिलं, दोन्हीला तेच. (रूप बघून देणारा पुरुष की बाई ते कळत नाही, ते वाक्यातून काढायचं.) तद्दिन् म्हणजे तू दिलंस, बाईला उद्देशून असेल तर तद्दिनी. अद्दिन् मी दिलं, निद्दिन् आम्ही दिलं, इद्दिनू त्यांनी दिलं, देणाऱ्या सगळ्या बायका असतील तर इद्दिना.

चालू किंवा पुढं होणाऱ्या क्रियेला मधलं व्यंजन दुप्पट होतं आणि त्याच्याआधी एक अ येतो: इनद्दिन्. इथं न् आणि द् यांच्यात अ आहे, म्हणून न सुखरूप राहतो. देतो, देईल आणि कायद्यात ‘द्यावं’ हे तिन्ही अर्थ यात बसतात. तनद्दिन्, अनद्दिन्, निनद्दिन्, इनद्दिनू: उपसर्ग मघाचेच.

तिसरं रूप ‘आत्ता दिलं आहे’ या छटेचं, त्यात धातूच्या पहिल्या व्यंजनानंतर त घुसतो. इन्तदिन् व्हायला हवं, न् पुन्हा विरघळतो आणि हाती येतं इत्तदिन्.

आज्ञार्थात तर न सुरुवातीलाच गळतो. ‘निदिन्’ची अपेक्षा करावी, तर मिळतं नुसतं ‘इदिन्’, दे. इच्छार्थी रूपात ल लागतो: लिद्दिन्, देवो किंवा द्यावं; लुद्दिन्, मी देऊ. नकार वेगळा: ‘ला तनद्दिन्’, देऊ नकोस. आणि ‘दिलेला आहे’ ही स्थिती सांगायची तर नदिन्. ‘कस्पुम् नदिन्’, चांदी दिलेली आहे. ‘मार्तुम् नद्नत्’, मुलगी दिलेली आहे.

नदिन् होतं, मग ‘नदिनत्’ऐवजी नद्नत् का? याचं उत्तर एका नियमात आहे आणि तो एकदा कळला की डझनभर रूपं आपोआप सुटतात. लागोपाठ दोन उघडी (म्हणजे स्वरानं संपणारी) ऱ्हस्व अक्षरं आली की दुसऱ्यातला स्वर गळतो. न-दि-नत्: न उघडं, दि उघडं, म्हणून दिमधली इ जाते. आपल्याकडे ‘बदल’पासून ‘बदली’ झालं की उच्चारात बद्ली होतं, त्याच जातीची ही गोष्ट. आता इदिन्ला ‘-अम्’ जोडा: इ-दि-नम्, दोन्ही उघडी, म्हणून इद्नम्. इद्दिन्ला जोडा: इद्-दि-नम्. पहिलं अक्षर बंद आहे, लागोपाठ दोन उघडी नाहीत, म्हणून इद्दिनम् जसंच्या तसं. इत्तदिन्ला जोडा: इत्-त-दि-नम्, म्हणून इत्तद्नम्. मारूनमुटकून पाठ करण्यापेक्षा अक्षरं मोजायची सवय लावलेली बरी.

शेपटीत काय दडलंय

नदानुम् एकटं क्वचितच येतं. द्यायचं म्हटलं की कुणाला तरी द्यायचं, आणि तो ‘कुणाला’ क्रियापदाच्या शेपटीला चिकटतो. त्याला म्हणजे -शुम्, तिला -शिम्, तुला (पुरुष) -कुम्, तुला (बाई) -किम्. या प्रत्ययांच्या सुरुवातीला व्यंजन आहे, आणि आपल्या क्रियापदाच्या शेवटी न् आहे. म्हणजे पुन्हा तेच. इद्दिन् + शुम् = इद्दिश्शुम्, त्याला दिलं. इनद्दिन् + शिम् = इनद्दिश्शिम्, तिला द्यावं. इद्दिश्शुम्मध्ये धातूचे दोन्ही न गेले आणि मूळ तीन व्यंजनांतला उरला फक्त द. नवशिका इथं हमखास द-श-श असा धातू शोधायला कोशात शिरतो आणि रिकाम्या हाती परततो.

आता मघाची जोडी. इद्दिश्शिम् म्हणजे तिला (काहीतरी) दिलं. इद्दिश्शि म्हणजे तिलाच दिलं, ती स्वतः दिली गेलेली गोष्ट. मराठीत दोन्हीकडे ‘तिला’ येतं आणि आपण संदर्भानं भागवतो. अक्कडीत हा फरक एका ‘म्’वर उभा आहे. म् आहे, तर ती घेणारी. म् नाही, तर ती दिलेली. १३८ व्या कलमातल्या बाईला चांदी मिळते, १८३ व्या कलमातली मुलगी नवऱ्याला दिली जाते. गंमत अशी की जुनी बाबिलोनी संपता संपता शब्दाच्या शेवटचा हा म् बोलण्यातून गेला, आणि पुढच्या काळातल्या पाट्यांवर इतकी सोपी खूण उरत नाही.

‘मला’चा प्रत्यय -अम्. पण तो नुसता ‘मला’ नाही, त्याचा गाभा ‘इकडे’ असा आहे. ‘इल्लिक्’ म्हणजे गेला. ‘इल्लिकम्’ म्हणजे इकडे गेला, अर्थात आला. एका प्रत्ययानं जाण्याचं येणं होतं! तसंच इद्दिनम्: इकडे दिलं, मला दिलं. हा ‘इकडे’ आणि ‘त्याला’ एकत्रही येतात. तेव्हा म् पुढच्या श्मध्ये मिसळतो: इद्नश्शुम्, त्याला देऊन टाक.

जोडवाक्यात आणखी एक उ येतो. ‘ज्याने दिलं’ असं गौण वाक्य असेल तर क्रियापदाला शेवटी ऱ्हस्व उ लागतो: ‘श इद्दिनु’. अनेकवचनाचा ऊ दीर्घ, हा ऱ्हस्व. कीलाक्षरांत हा ऱ्हस्व-दीर्घ सहसा दाखवत नाहीत, म्हणून ‘कस्पुम् श इद्दिनु’ आणि ‘कस्पुम् श इद्दिनू’ पाटीवर सारखेच दिसतात. त्याने दिलेली चांदी की त्यांनी दिलेली, हे पुढच्या-मागच्या ओळींवरून ठरवायचं.

पाटीवर ते कसं दिसतं

कीलाक्षरं म्हणजे वर्णमाला नव्हे. एक चिन्ह एक अक्षर दाखवतं: इ, दि, इन्, नद्, शुम्. इनद्दिन् काळजीपूर्वक लिहिलं तर इ-न-अद्-दि-इन्. पण कारकून दुहेरी व्यंजन दाखवायला बांधील नव्हता. इद्दिन् तो इद्-दि-इन् असंही लिहील आणि इ-दि-इन् असंही. दुसऱ्या लेखनात ते ‘इदिन्’, म्हणजे आज्ञार्थी ‘दे’ही वाचता येतं.

सगळ्यात त्रासदायक लेखन इ-दि-शुम्. तीन चिन्हं, तीन अर्थ. इद्दिश्शुम्, त्याला दिलं. इदिश्शुम्, त्याला दे. आणि तिसरा सापळा इद्दीशुम्, जो नदानुम्चा नाहीच. नदूम् हे वेगळं क्रियापद, टाकणे. त्याचं भूतकाळी रूप इद्दि. हम्मुराबीचं पहिलंच कलम त्यावर आहे: कुणी दुसऱ्यावर खुनाचा आळ ‘टाकला’ (इद्दी-म) आणि तो शाबीत करता आला नाही, तर आळ घेणाऱ्याला ठार मारावं. आळ टाकणं आणि माल देणं यांत घोळ झाला तर भाषांतराचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

सोडवायचा क्रम मागून पुढं ठेवावा. आधी शेपूट बघा: -शुम्, -शिम्, -कुम् असेल तर ती बाजूला काढा आणि तिच्याआधी श्श किंवा क्क होता का ते तपासा. होता, तर तिथं एक न् गिळलेला असण्याची शक्यता मोठी. लिहिणाऱ्यानं दुहेरी दाखवलंच नसेल तर दोन्ही शक्यता कागदावर मांडून ठेवा. मग -अम् आहे का पाहा. मग सुरुवात: इ-, त-, अ-, नि- यांनंतर थेट द्द आला तर झालेली क्रिया, नद्द आला तर होणारी, त्तद किंवा त्तद्न आला तर ‘आत्ताच दिलं’. शेवटी वाक्याला विचारा: चांदी, जव, शेत असं काही कर्म आहे का आणि ‘कुणाला’ दिसतं का? आळ, पाया, बी अशी कर्मं दिसली तर नदूम्कडे वळा. कोशात शोधताना इ किंवा द खाली बघू नका. क्रियापदं भाववाचक रूपानं आणि शेवटचा म् न लावता लावलेली असतात: नदानु, न खाली. शिकागोचा मोठा अक्कडी कोश १९२१ मध्ये सुरू होऊन २०११ मध्ये पुरा झाला, त्याचे सगळे खंड विद्यापीठानं फुकट उतरवून घ्यायला ठेवले आहेत. त्यातली नदानुची नोंद चाळली तरी या शब्दाचा पसारा कळतो.

दिलं गेलं, द्यायला लावलं

कर्मणी रूपात समोर आणखी एक न् जोडतात, म्हणजे एकाच शब्दात दोन न शेजारी. इन्नदिन्, दिलं गेलं. इन्नद्दिन्, दिलं जाईल. आता इनद्दिन् (देईल), इन्नदिन् आणि इन्नद्दिन् ही तिन्ही सावकाश वाचा, आणि मग आठवा की कारकून दुहेरी व्यंजन लिहिलंच पाहिजे असं मानत नाही. इ-न-दि-इन् या लेखनात तिन्ही बसतात. वाक्यातल्या नामाला कर्त्याचा ‘-उम्’ आहे की कर्माचा ‘-अम्’ ते बघावं: कस्पुम् असेल तर चांदी दिली गेली, कस्पम् असेल तर कुणीतरी चांदी देतो आहे.

याच कर्मणीचं ‘आत्ता झालं’ रूप इत्तन्दिन्, त्यात मूळ न मात्र टिकतो. ११७ व्या कलमात ते येतं. कर्जात बुडालेल्यानं बायको, मुलगा किंवा मुलगी ‘अना कस्पिम् इद्दिन्’ (विकली) किंवा कर्जापोटी राबायला ‘इत्तन्दिन्’, तर त्यांनी तीन वर्षं त्या घरी काम करावं, चौथ्या वर्षी त्यांची सुटका. इत्तन्दिन् इथं ‘दिले गेले’ घ्यायचं की ‘त्यानं स्वतःला दिलं’ यावर अभ्यासकांचं एकमत नाही. रूप एकच, भांडण अर्थाचं.

प्रयोजकात श येतो: उशद्दिन्, द्यायला लावलं. कुणाला द्यायला लावणं म्हणजे वसूल करणं. त्यावरून मुशद्दिनुम्, ‘द्यायला लावणारा’, म्हणजे सरकारी वसुलीदार. मला हा शब्द या सगळ्या कुटुंबातला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

विकणाऱ्यालाही याच धातूचा शब्द आहे. नादिनुम् म्हणजे देणारा. त्यात -आन्- घातलं की नादिनानुम्, त्या व्यवहारातला अमुक विकणारा. नवव्या कलमात चोरीच्या मालासह सापडलेला माणूस म्हणतो: ‘नादिनानुम्मि इद्दिनम्, महर् शीबीमि अशाम्’. विकणाऱ्यानं मला दिलं, साक्षीदारांसमोर मी घेतलं. दोन्ही ठिकाणी चिकटलेला -मि म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगतोय याची खूण. पुढं चौकशीत विकणाराच चोर ठरला तर त्याला मृत्युदंड.

नामंही बरीच. निद्नुम् आणि निदिन्तुम् म्हणजे देणगी. नुदुन्नूम् हम्मुराबीच्या कायद्यात नवऱ्यानं बायकोला दिलेली भेट, पण हजारभर वर्षांनंतरच्या बाबिलोनी करारांत तोच शब्द माहेरून आलेल्या हुंड्यासाठी. काळ न बघता भाषांतर केलं की पैसे उलट्या घरी जातात. आणि मद्दत्तु: मूळ मन्दन्तु, त्यातले दोन्ही न विरघळले. ‘द्यायचं ते’, म्हणजे खंडणी. असीरियाचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या काळ्या स्तंभावर इस्राएलचा राजा येहू वाकून नमस्कार करताना कोरला आहे. वरच्या ओळीची सुरुवातच ‘मदत्तु’नं होते. मराठी डोळ्यांना ते ‘मदत’ दिसेल. नाही. मदत अरबीतून आलेली, तिचा धातू वेगळा. तीच गोष्ट दान, नादान आणि प्राकृतातल्या ‘दिण्ण’ची. नदानुम्शी त्यांचा आवाज जुळतो, एवढंच. असल्या जुळण्यांवर उभे केलेले सिद्धान्त फिरत असतात, तिकडं दुर्लक्ष करावं.

खरं नातं हिब्रूत आहे. नातन, दिलं, धातू न-त-न. तिथंही न असाच गळतो: यिन्तेनऐवजी यित्तेन, तो देईल. कोकणातून मुंबईत आणि पुढं इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल मंडळींना तोरा वाचण्याच्या वेळच्या आशीर्वचनातलं ‘नोतेन हा-तोरा’, तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) देणारा, तोंडपाठ असतं. तो नोतेन म्हणजे नादिनुम्चा चुलतभाऊ.

बोलीप्रमाणे बदल

असीरी बोलीत क्रियापद नदानुम् नाही, तदानुम् आहे. देतो म्हणजे इद्दन्, दिलं म्हणजे इद्दिन्, दे म्हणजे नुसतं दिन्. आजच्या तुर्कस्तानातल्या कुल्तेपे इथं असीरी व्यापाऱ्यांच्या वीस हजारांहून जास्त पाट्या सापडल्या. त्या वाचताना इद्दन् आणि इद्दिन् यांतला एक स्वर म्हणजे ‘देईल’ आणि ‘दिले’ यांतला फरक.

बाबिलोनीत पुढच्या काळात इनद्दिन्मधला द्द फुटला: आधी इनन्दिन्, मग इनम्दिन्. बाबिलोनी राजा नबुखद्नेस्सरच्या काळातल्या कर्जाच्या पाट्यांवर इ-नम्-दिन् ही तीन चिन्हं सारखी दिसतात. मसुदा ठरलेला: ‘एक मिना चांदी, अमक्याची, तमक्याच्या इन मुख्खि. अय्यार महिन्यात इनम्दिन्’, देईल. मुख्खु म्हणजे टाळू. ‘इन मुख्खि’ शब्दशः ‘डोक्यावर’. कर्ज तेव्हाही डोक्यावरच असायचं.

नावांतलं देणं

देवदत्त, गुरुदत्त अशी नावं ठेवणाऱ्या समाजाला बाबिलोनी नावं परकी वाटणार नाहीत. सिन-इद्दिनम्: चंद्रदेव सिननं मला दिला. या नावाचा लार्सा शहरातला अधिकारी हम्मुराबीच्या पत्रांत सतत भेटतो. पत्र सुरू होतं ‘अना सिन-इद्दिनम् किबी-म, उम्मा हम्मुराबी-म’: सिन-इद्दिनमला सांग, हम्मुराबी असं म्हणतो. लेखन मात्र इ-दिन्-नम्. द दुहेरी हवा तिथं एकेरी, न एकेरी हवा तिथं दुहेरी. उच्चारापेक्षा ‘दिन्’ हे ओळखीचं चिन्ह कारकुनाला जवळचं.

बायबलातला असीरी राजा एसरहद्दोन म्हणजे अश्शूर-अखा-इद्दिना, अश्शूर देवानं भाऊ दिला. इथं -अम् मधला म् गळून नुसता आ राहिला आहे. बाबिलोनी राजा मरोदख-बलदान म्हणजे मर्दुक-अप्ला-इद्दिना, मर्दुक देवानं वारस दिला. ‘देणारा’ही चालतो: मर्दुक-नादिन-अख्खे, भाऊ देणारा मर्दुक. हाच साचा मुंबईत बघायला मिळतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातली असीरी शिल्पं आहेत. तो राजवाडा बांधणारा अश्शूर-नासिर-अप्ली, ‘वारसाचं रक्षण करणारा अश्शूर’. नासिर हे नसारुम्, राखणे, या न-नेच सुरू होणाऱ्या क्रियापदाचं नादिनसारखंच रूप.

विशेषनामांनीच ही लिपी उलगडायला पहिला आधार दिला. इराणातल्या बिसुतूनच्या कड्यावर इराणी सम्राट दारयवहुनं (डरायसनं) तीन भाषांत कोरलेल्या लेखात बंडखोरांची यादी आहे. त्यातला एक बाबिलोनी, निदिन्तु-बेल: ‘बेल देवाची देणगी’. इसवी सनापूर्वी ५२२ मध्ये तो स्वतःला नबुखद्नेस्सर म्हणवून गादीवर बसला. हा लेख उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनीच्या मुंबई सैन्यात भरती होऊन इकडे आला होता. फारसीशी त्याची गाठ हिंदुस्थानातच पडली.

नावं वाचताना शेवटचा एक फास. कारकून नावातले शब्द अनेकदा सुमेरी चिन्हानं लिहितात आणि वाचतात अक्कडीत. ‘सुम्’ हे चिन्ह दिसलं की वाचायचं नदानुम्चं रूप. पुढं ‘न’ जोडला असेल तर ती इद्दिनाची खूण. पण ‘मु’ हे चिन्ह दोन्हीकडे चालतं: ‘शुमु’ म्हणजे नाव, वंशाचं नाव चालवणारा मुलगा, आणि ‘नदानु’ म्हणजे देणं. म्हणून पाटीवर देवाच्या नावापुढं मु-मु असं एकच चिन्ह दोनदा ओढलेलं दिसलं तर ती चूक समजून खोडू नका. पहिलं शुमा, दुसरं इद्दिना: नबू-शुमा-इद्दिना, नबू देवानं नाव दिलं.